चिनी अक्षरे कशी घडतात : मुलांच्या लेखनाला घरून मदत करण्यासाठी

सिंगापूरच्या शाळांत दुसरी भाषा म्हणून तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा घेता येतात, मराठी घेता येत नाही. त्यामुळे तिथली काही मराठी कुटुंबे मुलांसाठी हिंदी निवडतात, तर काही चिनी. हाँगकाँग किंवा शांघायला नोकरीनिमित्त गेलेल्या घरांत चिनीचा अभ्यास शाळेच्या दप्तरातूनच येतो, आणि पुण्या-मुंबईतही हौसेने चिनीच्या शिकवणीला जाणारी मुले आहेत. या सर्व घरांची अडचण मात्र एकच असते. गणिताची किंवा इंग्रजीची वही पाहून पालकाला काहीतरी सांगता येते. चिनीची वही उघडून तशीच मिटावी लागते.

हा लेख वाचून कोणाला चिनी बोलता येणार नाही. परंतु अक्षर कसे बांधलेले असते हे एकदा समजले की भाषा न येताही वहीतील बऱ्याच चुका दिसू लागतात आणि मुलाच्या पाठांतराचे ओझे पुष्कळ हलके करता येते. पुढील सर्व पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे : मुलाला अख्खे अक्षर चित्रासारखे पाठ करू देऊ नये, त्यातील घटक ओळखायला लावावेत.

पायरी पहिली : कोणती अक्षरे आणि कोणते उच्चार, हे आधी विचारून घ्यावे

पुस्तके, कार्डे किंवा मोबाइलवरील ॲप घेण्यापूर्वी शिक्षकांना तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न अक्षरांच्या रूपाचा. चीनमध्ये 1956 साली अक्षरे सोपी करण्याची योजना जाहीर झाली आणि तेव्हापासून तिथे सुलभ रूपे चालतात. सिंगापूर आणि मलेशियानेही तीच स्वीकारली. तैवान, हाँगकाँग आणि मकाव येथे पारंपरिक रूपे कायम आहेत. काही अक्षरे दोन्हींत सारखीच असतात, पण जिथे फरक आहे तिथे तो मोठा असू शकतो : ‘घोडा’ या अर्थाच्या अक्षराला पारंपरिक रूपात दहा रेघा लागतात, सुलभ रूपात तीन. दुसरा प्रश्न बोलीचा. शाळेत बहुतेक ठिकाणी मँडरिन शिकवतात, परंतु हाँगकाँगमध्ये तीच अक्षरे कँटोनीज उच्चारांनी वाचली जातात. तिसरा प्रश्न उच्चार लिहून दाखवण्याच्या पद्धतीचा. चीन आणि सिंगापूरमध्ये त्यासाठी रोमन अक्षरांतील पिनयिन वापरतात, तर तैवानमध्ये मुले आधी 37 खुणांची स्वतंत्र पद्धत शिकतात. या तिन्हींची उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेले पुस्तक दुसऱ्याच पद्धतीचे निघाले, तर सहा-सात वर्षांच्या मुलाचा गोंधळ होतो, आणि तो गोंधळ निस्तरण्यात आठवडे जातात.

पायरी दुसरी : एक अक्षर म्हणजे काय, हे समजून घ्यावे

देवनागरीतील अक्षर फक्त उच्चार सांगते. चिनी अक्षर एका उच्चाराबरोबर सहसा एक अर्थही घेऊन येते. ते एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या एकाच ध्वनिखंडाचे असते, आणि बहुतेक अक्षरांना स्वतःचा अर्थ असतो. मात्र अक्षर म्हणजे शब्द नव्हे. आजच्या चिनी भाषेतील पुष्कळ शब्द दोन अक्षरांचे असतात : ‘आग’ आणि ‘वाहन’ मिळून रेल्वेगाडी, ‘वीज’ आणि ‘मेंदू’ मिळून संगणक, ‘हात’ आणि ‘यंत्र’ मिळून मोबाइल फोन. छापील मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, सगळी अक्षरे सारख्या अंतरावर येतात, म्हणून कोणती दोन अक्षरे एकत्र घ्यायची हे वाचणाऱ्यालाच ओळखावे लागते. मूल एकेक अक्षर बरोबर वाचूनही वाक्याचा अर्थ चुकवत असेल, तर बहुधा इथेच अडलेले असते. अशा वेळी पेन्सिलीने शब्दांखाली छोट्या कंसासारख्या रेघा ओढायला सांगाव्यात.

संख्येची भीती बहुतेक पालकांना असते, आणि ती आकडे अर्धवट ऐकल्यामुळे असते. 1716 साली पूर्ण झालेल्या खांगशी सम्राटाच्या कोशात 47,035 अक्षरे आहेत हे खरे. पण त्यांतील फार मोठा भाग कोणी कधी वापरत नाही. चीन सरकारने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाण यादीत 8,105 अक्षरे आहेत आणि नित्य वापराच्या पहिल्या गटात 3,500. चीनमधील 2011 च्या अभ्यासक्रमानुसार पहिली-दुसरीच्या दोन वर्षांत मुलांनी सुमारे 1,600 अक्षरे ओळखावीत आणि त्यांपैकी सुमारे 800 लिहावीत अशी अपेक्षा आहे. सहावीअखेर हे आकडे 3,000 आणि 2,500 असे होतात. ज्यांच्या घरी चिनीच बोलली जाते त्या मुलांकडूनसुद्धा पहिल्या दोन वर्षांत वाचनाच्या निम्मेच लेखन अपेक्षित असते, हे लक्षात घ्यावे. आपल्या मुलाने वाचलेले प्रत्येक अक्षर लिहूनही दाखवावे, हा हट्ट घरातच सोडून द्यावा.

पायरी तिसरी : रेघा आणि त्यांचा क्रम तपासावा

भाषा न येणारा पालक सर्वांत अधिक मदत इथे करू शकतो. प्रत्येक अक्षर ठरावीक रेघांचे बनते : आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, उजवीकडे उतरणारी, खालून वर उचललेली आणि ठिपका, शिवाय काही रेघांच्या टोकाला गळासारखा बाक असतो आणि काही मध्येच वळतात. कागदावरून लेखणी उचलेपर्यंतची खूण ही एक रेघ, मग ती कितीही वळलेली असो. क्रमाचे नियम थोडे आहेत. वरून खाली लिहावे. डावीकडून उजवीकडे लिहावे. आडवी आणि उभी रेघ एकमेकींना छेदत असतील तर सहसा आडवी आधी. बाहेरची चौकट आधी, मग आतील मजकूर, आणि चौकटीची तळाची रेघ सर्वांत शेवटी. मध्ये एक रेघ आणि दोन्ही बाजूंना दोन लहान खुणा अशी रचना असेल, तर मधली रेघ आधी येते. अपवाद आहेत, पण ते पुस्तकात क्रमांक घालून दाखवलेले असतात.

आता वहीत काय पाहायचे ते सांगतो. ‘तोंड’ या अर्थाचे अक्षर म्हणजे एक साधा चौकोन. नवे मूल तो एका दमात गोल फिरवून काढते किंवा चार सुट्या रेघांनी बनवते. त्याच्या रेघा तीन आहेत : डावीकडील उभी, मग वरची आडवी आणि उजवीकडची उभी मिळून एकच वळलेली रेघ, शेवटी तळाची. याच चौकोनाला उंच करून आत एक आडवी रेघ घातली की ‘सूर्य’ होतो, आणि त्याच्या रेघा चार. मुलाला अक्षर समोर लिहायला सांगून रेघा मोठ्याने मोजाव्यात. आकडा जुळला नाही तर कुठेतरी वळण तुटले आहे किंवा दोन रेघा एकत्र झाल्या आहेत, हे पालकाला अर्थ माहीत नसतानाही कळते.

क्रम पाळला नाही तर काय बिघडते, असे मुले विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. क्रमाने लिहिल्यास अक्षराचा तोल आपोआप साधतो. पुढे भरभर लिहिताना रेघा एकमेकींत मिसळतात तेव्हा क्रम चुकलेला असेल तर अक्षर वाचता येत नाही. आणि हाताला एकदा लय बसली की अक्षर आठवण्याचे अर्धे काम हातच करतो. रेघांची लांबीही सोडून देण्यासारखी नसते. एका उभ्या रेघेवर दोन आडव्या असतील आणि खालची लांब असेल तर अर्थ ‘माती’ होतो. वरची लांब असेल तर ‘विद्वान’ किंवा ‘योद्धा’.

सराव चौकोनी घरांच्या वहीतच करावा. या वहीत प्रत्येक घराचे मधोमध ठिपक्यांच्या रेघांनी चार भाग केलेले असतात; काही वह्यांत तिरक्या रेघाही असतात. नमुना छापून द्यायचा असेल तर संगणकावर ‘खाइ’ शैलीचा, म्हणजे हाताने लिहिल्यासारखा दिसणारा टंक निवडावा, कारण वर्तमानपत्री टंकात काही रेघांची वळणे हस्ताक्षरापेक्षा वेगळी दिसतात आणि मुले तीच गिरवत बसतात.

पायरी चौथी : अर्थघटक आणि उच्चारघटक वेगळे करायला शिकवावे

चिनी लिपी म्हणजे चित्रे, अशी समजूत सर्वत्र आहे, आणि तिला काही आधारही आहे. आन्यांग येथे सापडलेल्या, सुमारे 3,200 वर्षांपूर्वीच्या हाडांवरील व कासवांच्या कवचांवरील लेखांत सूर्य, डोंगर, घोडा ही अक्षरे चित्रासारखी दिसतात. आजही ‘झाड’ हे अक्षर दोनदा लिहिले की वन आणि तीनदा लिहिले की घनदाट अरण्य होते. माणूस आणि त्याच्या शेजारी झाड म्हणजे ‘विसावा घेणे’. सूर्य आणि चंद्र शेजारी आले की ‘उजळ’. पहिल्या महिन्यात मुलांना ही अक्षरे दाखवतात, ती त्यांना फार आवडतात, आणि मग पालकांना वाटते की पुढची हजारो अक्षरे अशीच असतील. तसे नाही. पाचांपैकी चारांहून अधिक अक्षरे निराळ्या रीतीने बनलेली आहेत : त्यांचा एक घटक अर्थाचा प्रांत सुचवतो आणि दुसरा घटक उच्चार.

‘घोडा’ या अक्षराचा उच्चार ‘मा’. त्याच्या डावीकडे ‘स्त्री’चा घटक आला की ‘आई’, उच्चार ‘मा’. डावीकडे ‘तोंड’ आले की वाक्याच्या शेवटी येणारा प्रश्नार्थक शब्द, आपल्या ‘येतोस का?’मधील ‘का’सारखा, उच्चार पुन्हा ‘मा’. ‘कीटक’ आला की ‘मुंगी’ या शब्दातील पहिले अक्षर ‘मा’. ‘दगड’ आला की ‘अंक’ किंवा ‘सांकेतिक क्रमांक’ अशा अर्थाच्या शब्दांतील ‘मा’. सूर बदलतो, त्याकडे पुढे येऊ. पण घोड्याचा या सर्व अर्थांशी काडीचा संबंध नाही, तो केवळ आवाजासाठी बसवला आहे. म्हणूनच ‘आई घोड्यासारखी राबते म्हणून असे लिहितात’ यासारख्या गोष्टी मुलांना सांगू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गोष्ट एका अक्षरापुरती लक्षात राहते, पण उच्चारघटक ओळखण्याची सवय लागत नाही, आणि शंभराव्या अक्षरापाशी गोष्टी संपतात.

दुसरे कुटुंब याहून सुरेख आहे. ‘छिंग’ असा उच्चार असलेले, ‘हिरवा-निळा’ अर्थाचे एक अक्षर आहे. त्याला ‘पाणी’ जोडले की ‘नितळ’, ‘सूर्य’ जोडला की ‘निरभ्र’, ‘बोलणे’ जोडले की ‘विनंती करणे’, ‘हृदय’ जोडले की ‘भावना’, आणि या चारही अक्षरांचा उच्चार ‘छिंग’च. ‘डोळा’ जोडला की मात्र ‘बुबुळ’ या अर्थाचे अक्षर होते आणि उच्चार ‘चिंग’ होतो. असे विचलन वारंवार भेटते, कारण अक्षरे घडली तेव्हाचे उच्चार आणि आजचे उच्चार यांत दोन-तीन हजार वर्षांचे अंतर आहे. ‘नदी’ अर्थाच्या एका अक्षरात ‘पाणी’ आणि ‘कुंग’ उच्चाराचा असे दोन घटक आहेत, पण मँडरिनमध्ये त्याचा उच्चार आज ‘च्यांग’ होतो. कँटोनीजमध्ये तो अजून जुन्या घटकाच्या जवळ आहे. उच्चारघटक अंदाज बांधायला उपयोगी पडतो, हमी देत नाही, एवढे मुलाला आरंभीच सांगून ठेवावे.

घटकाचे रूप जागेप्रमाणे बदलते, हे मराठी मुलाला समजायला कठीण जात नाही. आपल्या जोडाक्षरात जसा ‘स’ अर्धा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो, तसे चिनी घटक चौकोनी घरात मावण्यासाठी आकसतात : ‘पाणी’ डावीकडे आले की तीन ठिपके होतात, ‘माणूस’ दोन रेघांचा सडपातळ होतो, ‘हृदय’ डावीकडे उभे आणि खाली आले तर पसरट असते. ही बदललेली रूपे लवकर शिकवून टाकावीत. माणूस, स्त्री, तोंड, हात, हृदय, पाणी, आग, झाड, गवत, माती, बोलणे, अन्न, धातू, कीटक, सूर्य असे नित्याचे घटक ओळखता आले की पुस्तकातील बरीचशी नवी अक्षरे अर्धी ओळखीची वाटतात.

घरचा सराव यातूनच होतो. आठवड्याची नवी अक्षरे एकेका कार्डावर लिहून मुलाला एकदा अर्थघटकानुसार आणि एकदा उच्चारघटकानुसार गट करायला सांगावे. ‘यात पाणी कुठे आहे?’, ‘आवाज कुणाचा घेतला आहे?’ हे दोन प्रश्न विचारायला पालकाला चिनी येण्याची गरज नाही. मुलाने पालकाला समजावून सांगणे, हा मला यातील सर्वांत फलदायी भाग वाटतो.

पायरी पाचवी : पिनयिनला तिच्या जागी ठेवावे

पिनयिन ही पद्धत 11 फेब्रुवारी 1958 रोजी चीनमध्ये मंजूर झाली. ती तयार करणाऱ्या समितीत अर्थशास्त्राकडून भाषेकडे वळलेले चौ योउक्वांग हे प्रमुख होते. तिची अक्षरे रोमन असली तरी ती इंग्रजीप्रमाणे वाचायची नसतात, आणि इथे मराठी घराला मोठा फायदा आहे. पिनयिनमधील ‘बी’ म्हणजे आपला ‘प’ आणि ‘पी’ म्हणजे ओठ मिटून उच्चारलेला ‘फळ’मधील ‘फ’. त्याचप्रमाणे ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे ‘त’ आणि ‘थ’, ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे ‘क’ आणि ‘ख’. आपण बीजिंग लिहितो त्या शहराचे नाव तिथे ‘पेइचिंग’च्या जवळ ऐकू येते ते यामुळे. ‘झेड’चा उच्चार ‘चाक’मधील ‘च’, तर ‘जे’चा उच्चार जवळपास ‘चिंच’मधील ‘च’. हा भेद मराठी मुलाच्या तोंडात आधीच बसलेला असतो. ‘क्यू’ हा ‘छत्री’तील ‘छ’च्या जवळचा, आणि ‘एक्स’ हा ‘स’ व ‘श’ यांच्या मधला.

सूर मात्र नव्याने शिकावे लागतात. मँडरिनमध्ये चार सूर आणि एक हलका, सूररहित उच्चार आहे. ‘मा’ सपाट उंच सुरात ‘आई’, चढत्या सुरात ‘ताग’, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात ‘घोडा’ आणि झपकन उतरत्या सुरात ‘रागावणे’. पिनयिनवरील छोटी खूण सूर दाखवते. अक्षरात तो कुठेही दिसत नाही. त्यामुळे नवे अक्षर शिकताना उच्चार, सूर आणि अर्थ हे तिन्ही एकत्र म्हणून घ्यावेत. अक्षरांच्या डोक्यावर देवनागरी लिहून देण्याचा मोह पालकांनी आवरावा : व्यंजने छान उतरतील, पण सूर गळून पडेल.

पिनयिनचा दुसरा धोका असा, की अक्षरांवर ती छापलेली असेल तर मुलाची नजर तिच्यावरच खिळते आणि अक्षर पाहिलेच जात नाही. पहिले वाचन पिनयिनसह करावे आणि दुसऱ्या वाचनात तिच्यावर कागदाची पट्टी ठेवावी.

पायरी सहावी : अनोळखी अक्षर स्वतः शोधावे

मोबाइलमध्ये चिनी हस्तलेखनाचा कळफलक सुरू करून घेतला की पालकाला कोणतेही अक्षर बोटाने काढून त्याचा अर्थ आणि उच्चार पाहता येतो. रेघांचा क्रम जितका बरोबर, तितके ओळखणे सोपे. छापील कोशात अक्षर मूलघटकाखाली, म्हणजे कोश लावण्यासाठी ठरवलेल्या घटकाखाली, आणि उरलेल्या रेघांच्या संख्येने लावलेले असते : सुलभ रूपातील ‘आई’ शोधायची तर ‘स्त्री’च्या घटकाखाली, तीन रेघांच्या गटात. खांगशी कोशाने असे 214 मूलघटक रूढ केले. मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की त्याला हा खेळ शिकवावा. पिनयिनने टंकलेखन करणे मात्र सुरुवातीला टाळावे, कारण त्यात पडद्यावरील यादीतून अक्षर फक्त निवडायचे असते, आणि हात रिकामाच राहतो.

पायरी सातवी : नाव विचार करून निवडावे

वर्गात मुलाला चिनी नाव लागते. परकी नावे आवाजाच्या आधाराने लिहितात, पण प्रत्येक अक्षराला अर्थ असल्यामुळे आवाज जुळला म्हणून कोणतेही अक्षर चालत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी चीनचा निर्देश करणारे ‘ह्वा’ हे अक्षर आले. कोटणीसांचे नाव ‘ख तीह्वा’ असे झाले, आणि 1942 मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाचे नाव ‘यिन्‌ह्वा’, म्हणजे भारताच्या चिनी नावातील पहिले अक्षर आणि चीनचे ‘ह्वा’. ॲपने सुचवलेले नाव घेण्याऐवजी शिक्षकांना दोन-तीन पर्याय विचारावेत, आडनाव आधी येते हे ध्यानात ठेवावे, आणि लहान मुलासाठी कमी रेघांची अक्षरे मागून घ्यावीत, कारण ते नाव त्याला प्रत्येक गृहपाठावर लिहायचे असते.

पायरी आठवी : रोजचा वेळ आणि परीक्षा

रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात. रविवारी दोन तास बसवून काही साधत नाही. तीन किंवा चार नवी अक्षरे घ्यावीत, कालची आणि गेल्या आठवड्याची काही अक्षरे न पाहता लिहून घ्यावीत, आणि एकच अक्षर पानभर गिरवायला लावू नये, कारण चौथ्या-पाचव्या वेळेनंतर मूल अक्षर लिहीत नसते, वरच्या ओळीची नक्कल करत असते. परीक्षा द्यायचीच असेल तर लहान मुलांसाठी वायसीटी ही वेगळी परीक्षा आहे. तिच्या चार पातळ्यांसाठी अनुक्रमे 80, 150, 300 आणि 600 शब्द लागतात. मोठ्यांच्या एचएसके या परीक्षेची घाई करू नये. पहिली पातळी देण्यापूर्वी त्या 80 शब्दांतील अक्षरांची कार्डे चौथ्या पायरीतील रीतीने गट करून घ्यावीत, आणि पिनयिन झाकून ती वाचता येऊ लागली की मगच नाव नोंदवावे.